तक्रार क्रमांक एकशे सतरा

डिसेंबरातली ती दहा-बारा दिवसांची थंडी,
जिला मुंबईबाहेरचे लोक थंडी मानत नाहीत,
तिच्यात सकाळी सव्वासहाला
दहिसरच्या चौथ्या मजल्यावर
अंगाला साबण फासून मी उभा
आणि गीझर गार पाणी सोडतोय, निर्विकार.

दुसऱ्या कुणी इलेक्ट्रिशियनला फोन लावला असता.
मी वडाळ्याला लावला. आईला.

तीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रारखिडकीत रात्रपाळी.
खिडकी म्हणायचे, खिडकी नव्हतीच,
एक टेबल, एक नोंदवही, चार काळे फोन.
सकाळी घरी यायची तेव्हा डावा कान
भाजल्यासारखा लाल.
मे महिन्यात अख्ख्या गल्ल्या तिला शिव्या घालायच्या.
"शिव्या वहीत लिहायच्या नसतात," म्हणायची,
"फक्त पत्ता."

हेमांगीनं फोन तिच्या कानाशी धरला.
"आई, गरम पाणी येत नाहीये."
थोडा वेळ नुसता श्वास.
मग जुना, इस्त्री केलेला आवाज:
"फक्त तुमच्याकडेच, की समोरही?"

टॉवेल गुंडाळून दार उघडलं.
शेट्टींच्या जाळीतून वाफ येत होती,
चंदनाच्या साबणाची.
"फक्त माझ्याकडेच."
"मग बिघाड घरातला. घरातला बरा, सापडतो.
लाल दिवा लागतोय?"
"नाही."
"लागला असता आणि पाणी गार असतं,
तर कॉइल गेली म्हटलं असतं. एमसीबी?"
"वर आहे."
"तो आता खाली पाडा. हात पुसा. पायात रबरी चप्पल.
ओल्या अंगानं शहाणपणा नको."

खालचं झाकण, चार स्क्रू.
तीन निघाले, चौथा गंजलेला,
तो दोन रुपयांच्या नाण्याला वश झाला.
आत रबराच्या कडेला पांढरी खपली,
तीन वर्षांच्या टँकरची.
"मधे बटण असेल. वाटाण्याएवढं."
"आहे."
"फार तापलं की ते आपणहून बाहेर येतं.
दाबा."

टक्.
"आला आवाज," ती म्हणाली, माझ्याआधी.

"नाव सांगा."
मला वाटलं, चेष्टा.
"हर्षद."
"आडनाव?"
साबण पाठीवर वाळून ओढायला लागला होता.
"पाटणकर."
पेन्सिल जरा थांबली. पुन्हा चालू झाली.
मागून हेमांगी, "अहो आजी, हे तर..."
मी म्हटलं, असू दे, हेमांगी.
मग इमारत सांगितली, मजला सांगितला,
जवळची खूण: पिंपळाखालचा पंक्चरवाला.

"दहिसर आमच्या हद्दीत येत नाही," ती म्हणाली,
"तरी लिहून घेते.
घरात कुणी म्हातारं माणूस?"
"आहे. पण इथे नाही, वडाळ्याला."
"वडाळा येतं हद्दीत. बघते मी."

आणि मग, एका दमात:
"तक्रार क्रमांक एकशे सतरा.
स्विच लावा. तापायला वीस मिनिटं धरा.
टाकीत क्षार बसलाय, साफ करून घ्या,
नाहीतर बटण पुन्हा पडेल.
गरम पाणी आलं की कळवायचं,
म्हणजे नोंद बंद करता येते."

एकवीस मिनिटं लागली.
दोन बादल्या घेतल्या, बोटं सुरकुतेपर्यंत.
कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला
वाफेनं आंधळ्या झालेल्या आरशासमोर
पुन्हा वडाळा लावलं.
"एकशे सतरा," म्हणालो. "अजून चालूच आहे."
"थांबा हं."
पानं उलटत गेल्याचा आवाज,
एक, अजून एक,
कॅलेंडरची असावीत, किंवा कसलीही.

"सापडलं," आई म्हणाली.
"दहिसर. पंक्चरवाला.
हर्षद ना?"